त्यांचा पगार कापला, तर आपला वाढेल का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका मोठ्या रुग्णालयात कंत्राटदारामार्फत नोंदणी विभागात काम करणाऱ्या एका भगिनींचे हे पत्र आहे. तेथील कंत्राटी कामगारांच्या संघटनेच्या त्या सहसचिव आहेत. खासदारांचे वेतन वाढल्यापासून संघटनेत संताप धुमसतो आहे. संघटनेचे ज्येष्ठ पदाधिकारी, ज्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांनी वार्षिक सभेसाठी ठराव सुचवला आहे: ‘कामगारांचे किमान वेतन पुरेसे वाढत नाही तोवर खासदार-आमदारांनाही किमान वेतनच द्यावे.’ मसुदा लिहिण्याचे काम या भगिनींकडे आले आहे. त्यांना ठराव पटत नाही, पण का पटत नाही ते नेमके सांगता येत नाही, आणि शंका काढल्यावर ‘तुम्ही घाबरता’ असे ऐकून घ्यावे लागले. दुसरीकडे, लहानसे वर्कशॉप चालवणारा त्यांचा मावसभाऊ म्हणतो की किमान वेतन वाढले तर त्याला दोन माणसे कमी करावी लागतील. त्या विचारतात, ‘मी या ठरावावर सही करावी का? की माझी शंका म्हणजे खरोखरच भित्रेपणा आहे?’

सप्रेम नमस्कार.

तुमची शंका भित्रेपणाची नाही. सभेसमोर जाणारा मसुदा लिहिणाऱ्या माणसाला त्यातला प्रत्येक शब्द उद्या आपल्याला समर्थन करून सांगावा लागेल याची जाणीव असते, आणि ती जाणीव तुम्हाला अडवते आहे. मात्र शंका योग्य आहे म्हणून भाऊंचा संताप अयोग्य ठरत नाही. त्या संतापात नेमके न्याय्य काय आहे हे आधी वेगळे काढले पाहिजे, कारण ठरावात राहायला हवे ते तेवढेच.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि खासदारांचे मासिक वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झाले, तेही १ एप्रिल २०२३ या मागच्या तारखेपासून. दैनिक भत्ता २,००० वरून २,५०० रुपये झाला आणि माजी खासदारांचे निवृत्तिवेतन दरमहा २५,००० वरून ३१,००० रुपयांवर गेले. आता दुसरा आकडा पाहा. ज्याच्या खाली कोणत्याही राज्याने जाऊ नये अशी अपेक्षा केंद्र सरकार व्यक्त करत असे, तो किमान वेतनाचा देशपातळीवरील दर जून २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये ठरवण्यात आला. पुढे २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अहवाल देऊन हा दर ३७५ रुपये असावा असे सुचवले, पण त्या शिफारशीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या. हे दोन आकडे एका कागदावर लिहिले की सभागृहात काय होईल हे सांगायला नको. भाऊंनी ते लिहिले असतील तर त्यांचे काहीच चुकले नाही.

चूक त्यापुढच्या पायरीवर होते. या दोन आकड्यांमध्ये खटकायला हवे ते रकमेतले अंतर नव्हे. ते खटकतेच, पण खासदाराचे काम आणि त्याचा खर्च वेगळ्या प्रकारचा आहे असे उत्तर त्यावर लगेच मिळते आणि वाद तिथेच भरकटतो. ज्याला उत्तर मिळत नाही असा प्रश्न वाढीच्या पद्धतीचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ नुसार खासदारांचे वेतन संसद स्वतः कायदा करून ठरवते, आणि १९५४ च्या कायद्यापासून दर वाढीच्या वेळी ‘स्वतःच स्वतःला वाढ देतात’ ही टीका संसदेला ऐकावी लागत असे. २०१० मध्ये १६,००० चे ५०,००० झाले तेव्हा ती फारच झाली. त्यावर उपाय म्हणून २०१८ च्या वित्त अधिनियमाने वेतन १ लाख केले आणि एप्रिल २०२३ पासून दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकानुसार वाढेल अशी तरतूद केली. म्हणजे आता कोणी हात वर करायचा नाही, कोणी चर्चा करायची नाही, निर्देशांक चढला की वेतन चढणार.

किमान वेतनाचे असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दरांचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हावा असे म्हटले होते, आणि त्याच कलमात पुढे अशीही सोय होती की पाच वर्षांत तो झाला नाही तर नंतर करता येईल आणि तोवर जुने दर चालू राहतील. सरकारने उशीर केला तर त्याचा तोटा सरकारला होत नाही, कामगाराला होतो. ही जबाबदारी आता २०१९ च्या वेतन संहितेकडे आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या या संहितेने किमान वेतनाचे संरक्षण ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरते न ठेवता सर्व कामगारांपर्यंत नेले, हे चांगलेच झाले. पण पाच वर्षांची मुदत ‘साधारणतः’ म्हणूनच घातलेली आहे. पाच वर्षे इकडेही आहेत आणि तिकडेही. फरक एवढाच की तिकडे ती पाळली जाण्याची व्यवस्था कायद्यातच आहे आणि इकडे ती सरकारच्या सवडीवर सोडलेली आहे.

माझ्या मते तुमच्या संघटनेची खरी तक्रार ही आहे. भाऊंच्या ठरावात तिचा उल्लेखच नाही. त्यांचा ठराव खासदारांचे वेतन खाली आणायला सांगतो, आणि त्यामागे काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. त्या एकेक करून तपासू.

तिकडे वाचलेला पैसा इकडे येईल, ही समजूत ठरावात स्पष्ट लिहिलेली नसली तरी सभेत टाळ्या तिच्यावरच पडतात. लोकसभेच्या ५४३ आणि राज्यसभेच्या २४५ अशा ७८८ जागा आहेत. प्रत्येकाचे १ लाख २४ हजारांचे वेतन पूर्ण बंद केले, एक रुपयाही दिला नाही, तरी वर्षाला सुमारे ११७ कोटी रुपये वाचतात. रक्कम मोठी वाटते. ती हिशेबापुरत्या १० कोटी कामगारांत वाटली तर प्रत्येकाला वर्षाला १२ रुपयेही पुरते येत नाहीत. भत्ते धरून रक्कम चौपट केली तरी महिन्याला ४ रुपयांच्या आसपासच राहते. शिवाय खासगी आस्थापनातले किमान वेतन सरकारी तिजोरीतून दिले जात नाही. ते मालक देतो, आणि तुमच्या बाबतीत कंत्राटदार देतो. खासदारांच्या वेतनाला कात्री लावली म्हणून तुमचा कंत्राटदार एक पैसाही जास्त देणार नाही. याला आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

भाऊ यावर म्हणतील, आणि बहुधा म्हणालेही असतील, की पैशाचा प्रश्नच नाही. त्यांना झळ बसली की आपले दुःख कळेल. हे म्हणणे अधिक गंभीरपणे घेण्यासारखे आहे, कारण त्यात न्यायाची एक कल्पना आहे. पण झळ कोणाला बसेल? ज्या खासदाराचे उद्योग आहेत, जमिनी आहेत, घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा पैसा आहे, त्याला वेतन शून्य झाले तरी फरक पडत नाही. तो उलट ‘मी तर मानधन घेतच नाही’ असे फलकावर छापून मिरवील. झळ बसेल ती शिक्षकी सोडून निवडून आलेल्याला, कामगार चळवळीतून आलेल्याला, तुमच्या संघटनेतून उद्या कोणी उभे राहिले तर तिला. वेतन नसलेले विधिमंडळ गरिबांचे होत नाही, ते श्रीमंतांचे होते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी जी सहा मागण्यांची सनद मांडली, तिच्यात संसद सदस्यांना वेतन मिळावे ही एक मागणी होती. त्या काळी तेथे सदस्यांना काहीच मिळत नसे, आणि म्हणून ज्याला रोज कामावर जाऊन पोट भरायचे आहे त्याला संसदेत बसणे अशक्य होते. पुढे कामगार संघटना वर्गणीतून आपल्या सदस्यांचा खर्च चालवू लागल्या, तेव्हा १९०९ मध्ये ऑस्बोर्न खटल्याच्या निकालाने संघटनांना राजकीय कामासाठी असा निधी वापरण्यास मनाई झाली आणि कामगारांचे प्रतिनिधी उघड्यावर पडले. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, सदस्यांना वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झाले. लोकप्रतिनिधीला वेतन असावे ही मागणी कामगारांनी केली आणि त्यासाठी सत्तर वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. कामगार संघटनेने आज तिच्या नेमकी उलट मागणी करण्यापूर्वी हा इतिहास सभेला एकदा सांगितला पाहिजे. भाऊंना तो सांगा. जुन्या चळवळीतल्या माणसाला तो आवडेल असे मला वाटते.

वेतन रोखून ठेवले तर लोकप्रतिनिधींवर दबाव येतो का, याचे उत्तरही उपलब्ध आहे. अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, सदस्यांचे वार्षिक वेतन २००९ पासून १ लाख ७४ हजार डॉलर आहे. कायद्याप्रमाणे दरवर्षी आपोआप होणारी वाढ ते मतांच्या भीतीने स्वतःच नाकारत आले आहेत. आणि तेथील संघराज्य पातळीवरचे किमान वेतन? ताशी ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून. एकाच वर्षी दोन्ही आकडे गोठले आणि दोन्ही गोठलेलेच राहिले. म्हणजे ‘आमचे वाढेपर्यंत तुमचेही वाढू नये’ हा प्रयोग कोणी न ठरवता तिथे पार पडला आहे, आणि त्यातून किमान वेतन एका सेंटनेही वाढले नाही. जिथे ते वाढले तिथे राज्यांनी वाढवले: निम्म्याहून अधिक राज्यांनी आपापल्या कायद्याने किंवा थेट जनमताने ७.२५ डॉलरच्या वरचे दर ठरवले, आणि काही राज्यांनी ते महागाईशी जोडूनही टाकले.

यावरून लोकप्रतिनिधींच्या वेतनाबद्दल मागण्यासारखे काहीच नाही, असा अर्थ काढू नका. मागण्यासारखे बरेच आहे. फक्त ‘कमी करा’ एवढेच म्हणून थांबायचे नाही. जर्मनीत २०१६ पासून संसद सदस्यांचे वेतन दर १ जुलैला देशातल्या सरासरी पगाराच्या निर्देशांकाप्रमाणे बदलते. महामारीमुळे लोकांचे पगार घसरले, तेव्हा २०२१ मध्ये सदस्यांचे वेतनही ०.७ टक्क्याने उतरले. आपल्याकडे खासदारांचे वेतन महागाईशी जोडले आहे, लोकांच्या पगाराशी नव्हे. महागाई वाढली आणि मजुरी जागच्या जागी राहिली तरी खासदार सुरक्षित आहेत. हा फरक तुमच्या ठरावात यायला हवा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९८ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून आमदारांचे मूळ वेतन तेथील मध्यम कुटुंबाच्या उत्पन्नातील चढउताराशी बांधले. ब्रिटनने २००९ मध्ये वेगळे स्वतंत्र प्राधिकरण स्थापले आणि पुढे हा अधिकार सदस्यांच्या हातून काढून त्याच्याकडे दिला. तोही निर्दोष उपाय नाही: त्याच प्राधिकरणाने २०१५ मध्ये सदस्यांचे वेतन ६७,०६० वरून ७४,००० पौंड केले, आणि त्याच सुमारास सरकारी कर्मचाऱ्यांची वाढ १ टक्क्यावर रोखून धरलेली होती. स्वतंत्र समिती नेमली की लोकांचा राग शमतो, हा समज तिथे खोटा ठरला. त्यानंतर मात्र सदस्यांची वाढ सार्वजनिक क्षेत्रातल्या सरासरी वाढीशी जोडण्यात आली.

आणखी एक तरतूद मला फार आवडते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील सत्ताविसावी दुरुस्ती म्हणते की काँग्रेस सदस्यांच्या वेतनातला बदल मध्ये निवडणूक झाल्याशिवाय लागू होणार नाही. हा प्रस्ताव १७८९ चा. तो दोनशे वर्षे धूळ खात पडला होता. १९८२ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने त्यावर महाविद्यालयात निबंध लिहिला, त्याला त्याबद्दल ‘सी’ श्रेणी मिळाली, आणि तो चिडून राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहीत सुटला. १९९२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. पत्रे लिहून काही होत नाही असे सभेत कोणी म्हणाले, तर हे सांगायला हरकत नाही.

माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र मी वेगळा ठेवीन. तिथे भाऊंच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तो वेगळा ठराव होऊ शकतो.

आता तुमच्या मावसभावाकडे वळू. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची घाई करू नका आणि ते जसेच्या तसे मान्यही करू नका. किमान वेतन वाढले की नोकऱ्या जातातच, हे अर्थशास्त्रात बराच काळ गृहीत धरले जाई. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने ताशी दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना केली, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. त्यावर वाद झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले म्हणून कितीही वाढ केली तरी चालते असे सिद्ध होत नाही. त्या अभ्यासातून घ्यायचे ते एवढेच की परिणाम वाढीच्या आकारावर, वेगावर आणि मालकाच्या बाजारातील स्थानावर अवलंबून असतो.

म्हणून मावसभावाला काही साधे प्रश्न विचारा. वाढ त्यांच्या स्पर्धकांनाही त्याच दिवशी लागू होणार असेल, तर ते मागे कसे पडतील? आणि स्पर्धक आजचा दरही देत नसतील, तर त्यांचे भांडण किमान वेतनाशी आहे की ते चुकवणाऱ्यांशी? ते ज्या मोठ्या कंपनीला माल पुरवतात, तिच्याशी झालेल्या करारात मजुरी वाढली तर दर वाढवून मिळण्याची तरतूद आहे का? बहुतेक लहान उद्योजकांच्या करारात ती नसते. मग वरून भाव दाबला जातो, खालून मजुरी वाढते, आणि मधला माणूस कामगारावर राग काढतो, कारण कंपनीवर काढता येत नाही. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सहा-सात वर्षे काहीच न वाढता एके दिवशी मोठी उडी परवडते, की दरवर्षी ठरलेल्या तारखेला थोडी वाढ, जी आधी माहीत असते आणि कोटेशन देतानाच धरता येते? हिशेब ठेवणारा कोणताही मालक दुसरा पर्याय निवडील. म्हणजे वाढीची नियमित, आधी कळणारी पद्धत ही तुमच्याइतकीच त्यांचीही गरज आहे. त्या मुद्द्यावर तुमची संघटना आणि त्यांच्यासारखे लहान उद्योजक एकाच निवेदनावर सही करू शकतात, हे भाऊंना आश्चर्याचे वाटेल, पण ब्रिटनच्या लो पे कमिशनमध्ये मालकांच्या, कामगारांच्या आणि तटस्थ अशा बाजूंची तीन-तीन माणसे बसून दर सुचवतात, आणि त्यामुळेच १९९९ मध्ये ताशी ३.६० पौंडांनी सुरू झालेले तेथील किमान वेतन आता कोणताही मोठा पक्ष रद्द करायला निघत नाही.

तर सही करावी का? भाऊंच्या मूळ ठरावावर करू नये. पण नुसता नकार देऊन बाजूला बसूही नये, कारण मग ठराव आहे तसाच मंजूर होईल आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत छापून संपून जाईल. तुमच्याकडे मसुदा लिहिण्याचे काम आहे, हीच तुमची खरी संधी आहे. मी असे काहीसे लिहीन:

‘संसद सदस्यांच्या वेतनाला ठरावीक काळाने आपोआप वाढ मिळण्याचे जे संरक्षण कायद्याने दिले आहे, तेच संरक्षण किमान वेतनाच्या मूळ दरालाही मिळावे आणि ते दरवर्षी ठरलेल्या तारखेला लागू व्हावे, दर ठरवणाऱ्या समितीत कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी घ्यावेत, यापुढे लोकप्रतिनिधींच्या वेतनातील वाढ देशातील कामगारांच्या सरासरी मजुरीतील बदलाशी जोडावी आणि ती पुढील सार्वत्रिक निवडणुकीनंतरच अमलात यावी, तसेच वेतनाखेरीज मिळणाऱ्या सर्व भत्त्यांचा आणि सवलतींचा तपशील दरवर्षी एकत्रित प्रसिद्ध करावा.’

यात भाऊंचा संताप कमी झालेला नाही. उलट ज्याला उत्तर देणे अवघड आहे अशा ठिकाणी तो नेऊन ठेवला आहे. ‘खासदारांचा पगार कापा’ या मागणीला कोणताही खासदार हसून सोडून देईल. ‘तुम्हाला जे कलम मिळाले तेच आम्हाला द्या’ या मागणीवर त्याला काहीतरी बोलावेच लागेल. ‘मूळ दर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. महागाईशी जोडलेला भत्ता अनेक ठिकाणी दर सहा महिन्यांनी बदलतो, केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांत तो एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, आणि ‘आमचे काहीच वाढत नाही’ असे सरसकट लिहिले तर समोरचा अधिकारी तेवढ्यावरच तुम्हाला खोटे पाडील. भत्त्यामुळे कामगार आहे तिथे टिकतो. त्याचे जीवनमान वर उचलायचे असेल तर मूळ दरच सुधारावा लागतो.

ठराव कुणाला पाठवायचा हेही मसुद्यात ठरवून टाका. रेल्वे, खाणी, मोठी बंदरे, केंद्राचे उपक्रम यांच्यासाठी किमान वेतन केंद्र सरकार ठरवते. बाकी बहुतेक सर्व ठिकाणी ते राज्य सरकार ठरवते. खासगी रुग्णालयाचा प्रश्न घेऊन दिल्लीला निवेदन पाठवले तर तिथून ते फार तर ‘योग्य कार्यवाहीस्तव’ राज्याकडे परत येते. आमदारांच्या वेतनाचा निर्णयही अनुच्छेद १९५ नुसार राज्याच्या विधिमंडळाचा. तेव्हा राज्याच्या कामगार मंत्र्यांना आणि तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना एक प्रत, आणि केवळ वेतन-निर्देशांकाचा भाग वेगळा काढून खासदारांना दुसरी प्रत, असे करा.

भाऊंशी सभेच्या आधी बोला, सभेत नको. वडीलधाऱ्या माणसाचा ठराव सर्वांसमोर दुरुस्त केला तर चर्चा मुद्द्यावरून मानापमानावर जायला वेळ लागत नाही. त्यांना ११७ कोटींचा हिशेब कागदावर करून दाखवा, चार्टिस्टांची गोष्ट सांगा, आणि नवा मसुदा त्यांच्याच नावाने मांडला जावा असे सुचवा. ‘तुम्ही घाबरता’ या वाक्याला उत्तर देण्याच्या फंदात पडू नका.

ठरावाला काही वर्षे लागतील. तोवर तुमच्या सभासदांना कायद्याने आज जे देणे आहे ते मिळते का, हे तपासण्याचे काम उद्यापासून करता येईल आणि त्याला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही. प्रत्येकाच्या वेतनचिठ्ठीवर मूळ वेतन आणि भत्ता वेगवेगळे दाखवले आहेत का, भरलेले दिवस हजेरीशी जुळतात का, जादा कामाचे दर दुप्पट लावले आहेत का, भविष्यनिर्वाह निधीची कपात प्रत्यक्ष जमा झाली आहे का, हे पाहा. ज्यांना वेतनचिठ्ठीच मिळत नाही त्यांची नावे वेगळी लिहा. ती यादी सर्वांत आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेली पाहिजे. कंत्राटदाराने वेतन थकवले किंवा कमी दिले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे, म्हणून पत्राची एक प्रत रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही द्या.

आणि एक काम असे आहे जे फार थोड्या संघटना करतात. सरकार जेव्हा समिती न नेमता थेट नवे दर प्रस्तावित करते, तेव्हा त्याला ते राजपत्रात प्रसिद्ध करून किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते आणि त्या काळात आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. मालकांच्या संघटना त्या मुदतीत आकडेवारीसह सविस्तर पत्रे पाठवतात. कामगारांकडून ‘दर अपुरे आहेत’ एवढे एका ओळीचे पत्र जाते, किंवा तेही जात नाही. किमान वेतन कशावरून मोजावे याचे निकष १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले आहेत: कमावणाऱ्यासह तीन प्रौढ माणसांइतका खाणारा एक परिवार, प्रत्येकी २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. तुमच्या सभासदांपैकी ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडून तीन महिन्यांचा घरखर्च याच शीर्षकांखाली लिहून घ्या, नावे गाळा, सरासरी काढा आणि फाइल करून ठेवा. ‘सगळे महाग झाले आहे’ असे म्हणणारे पत्र अधिकारी बाजूला सारू शकतो; ‘आमच्या सभासदांचे भाडे एवढे आहे, दवाखान्यावर एवढे जातात, आणि न्यायालयाच्या निकषाप्रमाणे दर इतका यायला हवा’ असे मांडणाऱ्या पत्राला त्याला फाइलवर उत्तर लिहावे लागते. राजपत्रातली अधिसूचना कधी निघते याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सभेतच एका ठरावीक व्यक्तीवर सोपवा, नाहीतर ती निघून गेल्याचे मुदत संपल्यावर कळते.